अंगणातली पिवळी पट्टी

माघ शुद्ध पंचमी
पुरानी बस्ती, रायपूर

जो पहिल्या शब्दाच्या आधी होता आणि शेवटचा शब्द विरल्यावरही उरणार आहे, त्या दयाघनाची कृपा या लेखणीवर असो. जे लिहायला हवे ते त्याने माझ्याकडून लिहवून घ्यावे. जे झाकण्याचा मोह होईल, त्याचा न्यायही त्यानेच करावा.

चि. नीलेश यास आईचे अनेक आशीर्वाद.

विषय किरकोळ आहे, म्हणून तोच आधी सांगते. सूनबाई मंजिरीने आपल्या मराठी मंडळाच्या मोबाइलवरच्या गटावर महिनाभर रोज एक हायकू लिहिण्याचा उपक्रम आरंभला आहे. तुझ्याच घरातून तो चालत असल्यामुळे तुझ्या कानावर आला असेल. तीन ओळी, पाच, सात आणि पाच अक्षरे. एखाद्या दिवशी एखादा सभासद सर्वांना शब्द देतो, एरवी ज्याचे त्याने पाहावे. मंजिरीचे नियम मात्र कडक. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच लिहायचे, लिहिलेल्याचा अर्थ कोणी कोणाला विचारायचा नाही, आणि दिवस चुकला की सभासद बाद.

पहिल्या दिवशी मी दीनदयाळाची सात विशेषणे ओळीने बसवली. त्यावर यशवंतरावांनी, म्हणजे तुमच्या कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदार आणि आपल्या मंडळाचे कार्याध्यक्ष, त्यांनी सगळ्यांदेखत विचारले, "विजयाताई, हा हायकू आहे का आरती? ताट फिरवू का?" चौबे कॉलनीच्या इंदूने हसणारे चेहरे पाठवले. मग मंजिरीचा फोन आला.

"आई, देवाला जरा बसू द्या. आज सकाळी काय पाहिलं ते सांगा."

"काय पाहणार? दूध आलं. मांजर बसली होती."

"मग तेच लिहा ना!"

लिहिले.

दाराशी दूध
मांजर बसलेली
डोळे मिटून

आयुष्यभर स्तोत्रे म्हटली, नीलेश, पण मांजरीच्या मिटलेल्या डोळ्यांत एवढी लबाडी आणि एवढी भक्ती एकत्र असते, हे मला त्या दिवसापर्यंत दिसले नव्हते. देवापुढे पाणी सोडून मी संकल्प केला की हे व्रत मानून करीन. जे पाहीन तेच लिहीन.

आता दुसरी गोष्ट. मार्गशीर्षातल्या त्या होमापासून तू माझा फोन उचलत नाहीस. भट्टीवर अपघात झाला, भट्टी पुन्हा पेटवण्याआधी शांतिहोम करायचा ठरला, आणि पौरोहित्याला तू मोठ्या अभिमानाने मला सिलतऱ्याला, कारखान्यात नेलेस. संकल्पात दिवंगतांची नावे उच्चारावी लागतात, म्हणून मी ती विचारली. मला एक नाव देण्यात आले. मागे उभे असलेले मजूर मात्र आपसात दोन नावे घेत होते. मी पुन्हा विचारले. व्यवस्थापकांनी तुझ्याकडे पाहिले, आणि तू म्हणालास, "आई, एकच. आप शुरू कीजिए." स्वतःच्या आईला 'आप' म्हणालास, तेव्हाच मला कळले. ज्याचे नाव टाळले आहे त्याच्या शांतीचा मंत्र माझ्या तोंडून निघणे शक्य नव्हते. मी आसन सोडून उठले. तुझी सर्वांसमक्ष मानहानी झाली, हे मला मान्य आहे. परंतु मी पुन्हाही उठेन.

पत्र कागदावर लिहिते आणि त्याचे छायाचित्र मंजिरीकडे धाडते. ती तुझ्यापुढे ठेवील. माझी काळजी नसावी. एकटेपण जाणवत नाही. तांदूळ तेवढे या खेपेस लवकर संपले.

आईचे आशीर्वाद


माघ शुद्ध नवमी

चि. नीलेश यास,

आज लांबण लावत नाही. माझ्या हातून एक घात झाला आहे, आणि तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावा.

काल मी हा हायकू गटावर टाकला:

अंगणातल्या
दोरीवर वाळते
पिवळी पट्टी

मला फक्त तो रंग दिसला होता. मागच्या अंगणात शेवंती पिवळी, उन्हाची तिरीप पिवळी, आणि दोरीवरची ती धुतलेली, मलमाचा डाग न गेलेली पट्टीही पिवळी. वसंत मला जखमेवरही बसलेला दिसला, आणि शब्द अक्षरांत चपखल बसले म्हणून मी हरखले. वाचणारे कोण आहेत, हे विसरले.

थोड्या वेळाने यशवंतरावांनी लिहिले, "वा ताई! पण पट्टी कोणाची? भाजलं का तुम्हाला?"

हायकूत भाजल्याचा उल्लेख नाही, नीलेश. पट्टी म्हटली की माणूस 'लागलं का' असे विचारतो. भाजल्याचे त्यांना कसे सुचले, हे तू जाणतोस. मी उत्तर दिले, "अर्थ विचारू नये, असा नियम आहे." मंजिरीने लगेच खाली लिहिले, "काका, नियम म्हणजे नियम." तिला काही ठाऊक नव्हते, ती केवळ आपल्या उपक्रमाची बाजू घेत होती.

आता ऐक. तुमच्या भट्टीवरचा तुळशीराम माझ्याकडे आहे. तुझ्या खोलीत.

पौष संपता संपता तो दाराशी आला. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले. पूर्वी तू त्याच्याच हाती मला निरोप धाडायचास, म्हणून घर त्याला ठाऊक होते. ठेकेदाराची माणसे त्याला बळेच गावी पोहोचवायला निघाली होती, आणि तो गाडीतून उतरून पळाला. मी विचारले, "अरे, पण माझ्याकडेच काहून आलास? मी नीलेशची आई."

"म्हनूनच त आलो, आजी," तो म्हणाला. "साहेबाच्या घरी कोनी मले शोधन का?"

भीती एवढी असूनही हा माणूस हसतो. त्याला मी हाताने भरवते. परवा म्हणाला, "आजी, तुमचं वरन लय पातळ असते. मांगच्या जल्मी सरकारी दवाखान्यात होत्या का तुमी?"

त्याने मला सर्व सांगितले. गरम राखेचा लोट कोसळला तेव्हा खाली दोघे होते आणि हा तिसरा, वरच्या पायरीवर. दोघे गेले. एकाचे नाव तुम्ही सांगितलेत. दुसरा प्रशिक, भंडाऱ्याकडचा, याच्याच खोलीत राहणारा. तो यशवंतरावांच्या मजुरांतला, कागदावर कुठेही नसलेला. त्याला गाडीत घालून गावी नेले आणि त्याच्या आईला सांगितले की रस्त्यात ट्रकने उडवले. सोमवारी जिल्हा कचेरीत चौकशी आहे. तुळशीराम तिथे उभा राहिला तर प्रशिक त्या भट्टीत मेला, हे सिद्ध होईल. नाही राहिला, तर त्या माउलीचा मुलगा कायम ट्रकखालीच मेलेला राहील.

त्या वेळी भट्टीवरची पाळी तुझी होती, हेही मला ठाऊक आहे. तुळशीराम बोलला तर त्याच्या बोलण्यात तुझे नाव येईल. ज्या हातांनी तुला भरवले त्याच हातांनी मी तुझ्याविरुद्धच्या साक्षीदाराला भरवते आहे. यात मला कुठलाही मोठेपणा वाटत नाही; घास प्रत्येक वेळी जड होतो.

तुला हे कळवणे शहाणपणाचे नाही, असे तुळशीरामाला वाटते. तो म्हणाला, "आजी, तुमी मले मारून राहिल्या." पण यशवंतराव तुला सांगणारच. त्यांच्याकडून ऐकलेस तर तू त्यांच्या बाजूने ऐकशील.

आई


माघ शुद्ध एकादशी

चि. नीलेश,

मंजिरी म्हणते, तू पत्र वाचलेस आणि पानावरून उठलास. एवढेच. मला उत्तराचा हक्क नाही. तरी वाट पाहिली.

काल दुपारी यशवंतराव आले. हाती केळ्यांची फणी, मुखी साखर. "काय विजयाताई, तब्येत बरी ना? पट्टीचं वाचलं तेव्हापासून जीव लागत नव्हता." बसता बसता त्यांची दृष्टी दाराशी गेली, तिथून बाजेखाली, तिथून तुझ्या खोलीच्या कडीकडे. तुळशीरामाच्या चपला मी आदल्याच दिवशी तांदळाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या होत्या.

"एकट्याच ना, ताई?"

मी म्हटले, "चहा घेणार?"

"चहा होईल. मी काय म्हणून राहिलो, घरात दुसरं कोणी आहे का?"

"देवघरातल्या ठाकुरांपुढे बसून विचारता आहात?"

"हव, विचारून राहिलो. तुम्ही तर खोटं बोलत नाही. सारा पारा सांगतो, मोहल्ल्यात कोणालाही विचारा."

असे त्यांनी मला माझ्याच व्रतात कोंडले. मी असत्य बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याच भरवशावर ते केळी घेऊन आले होते. शास्त्राने सत्याला यथार्थाबरोबर प्राणिमात्राच्या हिताचीही अट घातली आहे, हे मी शेकडो जणांना समजावले असेल. पण प्रश्न समोर बसला तेव्हा जीभ त्या विवेचनाने हलेना. सायंपाठाची वेळ झाली नव्हती, तरी मी उठले, समई लावली आणि मोठ्याने पाठ सुरू केला. पाठाच्या मध्ये बोलू नये, एवढी रीत यशवंतरावही पाळतात. ते बसून राहिले. फलश्रुतीशी आले की मी पुन्हा आरंभाकडे वळायची. त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. शेवटी ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पाठ संपल्यावर येतो."

ते गेल्यावर तुळशीराम दार किलकिले करून म्हणाला, "आजी, मले त वाटलं आज परसाद भेटूनच राहते." आणि लगेच बांधलेले हात पोटाशी धरून तो भिंतीला टेकला.

त्यांनी पुन्हा यावे आणि मी पुन्हा पाठाआड लपावे, हे होणे नाही. म्हणून आज एकादशीपासून सोमवारपर्यंत मी मौन धरले आहे. गटावर तसे कळवलेही. विचारणाऱ्याला उत्तरच मिळणार नाही.

पण यशवंतराव काही कमी नाहीत. आज शब्द देण्याची पाळी त्यांची होती. सकाळीच त्यांनी दिला: 'पाहुणा'.

अरे, बोलणे थांबवले तरी लिहिण्याचे व्रत चालूच आहे! लिहिले नाही तर मी बाद, आणि ऐन या शब्दावर मी का बाद झाले ते साऱ्या मंडळाला कळणार. बनवून लिहावे तर संकल्प मोडतो. घरातल्या पाहुण्याखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येईना. इंदूने लेकीच्या सासूवर लिहिले, कोणी चिमणीवर. मी दिवसभर कागद पुढे घेऊन बसले. मग उठले आणि पाहुण्याची केळी पाहिली. एकही कोणी सोलले नव्हते. तेव्हा सुचले.

दारी पाहुणा
केळी ठेवून शोधी
जोडा कुणाचा

जे पाहिले तेच. इंदूने विचारले, "अगबाई, कोण हो असा चोंबडा पाहुणा?" कोणीतरी लिहिले, "ताईंकडे काल केळी कोणी नेली होती?" यशवंतरावांनी त्यानंतर एक अक्षर लिहिलेले नाही.

मला क्षणभर समाधान वाटले, आणि ते लगेच ओसरले. मंडळात हसे झालेला माणूस अधिक घातकी होतो. आता हे पत्र लिहीत असता पाऱ्याच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी आहे, आणि तिच्यात दोघे बसले आहेत. ते भाजीही घेत नाहीत आणि दर्शनालाही जात नाहीत.

तुला काय करायचे ते कर, असे मी म्हणणार नाही. योग्य तेच कर.

आई


माघ पौर्णिमा, सोमवार

नीलेश,

हे पत्र कोणाला आणि कशासाठी लिहिते आहे, मला कळत नाही. तू सकाळी त्याला घेऊन गेलास. सूर्य माथ्यावरून ढळला. मंजिरीचा फोन लागत नाही. मौन सूर्यास्तापर्यंत आहे, म्हणून शेजारी जाऊन विचारताही येत नाही. हात तेवढा मोकळा आहे.

तू मागच्या बाजूने आलास. इतक्या दिवसांनी उंबरा ओलांडलास, आणि आईकडे न पाहता तुझ्या खोलीकडे पाहिलेस.

"आई, टाइम नाही. वो कहाँ है?"

मी दारात उभी राहिले. तू माझ्याहून किती उंच झाला आहेस, हे मला तेव्हाच जाणवले.

"आई, हट जाओ. वो लोग सामने खड़े हैं."

कोणते लोक? तुझे, की ज्यांच्यापासून तू त्याला वाचवतो आहेस? मला विचारायचे होते. ओठ उघडले, आणि संकल्प आठवला. ज्याच्यापासून बचावासाठी मौन धरले तो आलाच नाही. ज्याला एकच प्रश्न विचारायचा होता त्याच्यापुढे मी मुकी.

तुळशीराम स्वतःच बाहेर आला. "साहेब, कुठी नेऊन राहिले मले?"

"तू चल तो सही."

"नाही साहेब. पयले सांगा."

तू घाम पुसलास. मग, कारखान्याच्या हिशोबी जे नाव धारण करणारा कोणी माणूसच नव्हता, ते तुझ्या तोंडून निघाले. "प्रशिकच्या जोडीदाराला जिथे न्यायला पाहिजे, तिथेच नेतो आहे."

तुळशीराम तुझ्याकडे पाहीना. तो माझ्याकडे वळला. "आजी, जाऊ का?"

त्याने आपला प्राण माझ्या मानेवर ठेवला. हो म्हणावे तर मी पुत्राच्या शब्दावर परक्याचा मुलगा ओवाळून टाकते आहे. नाही म्हणावे तर ज्या मुलाला मी जन्म दिला त्याला मी माणसांतून उठवते आहे. दोन्हींत मी आईच होते, आणि दोन्हींत कोणाची तरी वैरीण. एका नावाच्या उच्चारावर माणसाची परीक्षा पुरी होते का? यशवंतरावही गोड उच्चार करतात.

मी मान हलवली. हो म्हणून.

तुम्ही मागच्या बोळातून गेलात. थोड्या वेळाने पांढरी गाडीही वळली, तुम्ही गेलात त्याच दिशेने.

आज मी हायकू लिहिलेला नाही. पाहिले पुष्कळ, परंतु त्यातले काहीही तीन ओळींत मावणारे नाही, आणि देवापुढे बसावे तर डोळे उंबऱ्याकडेच जातात. मी पायरीवर बसून आहे.


माघ वद्य द्वितीया

चि. नीलेश यास आशीर्वाद.

मौन सुटले, व्रत मोडले. मंजिरीने नियमाप्रमाणे मला बाद केले आणि वर फोन करून म्हणाली, "आई, रडू येतंय, पण नियम तो नियम." मी म्हटले, "शाब्बास." याच पोरीने परवा कचेरीच्या दारात यशवंतरावांच्या माणसांपुढे गाडी आडवी घातली, हे मला तुळशीरामाने सांगितले. ती स्वतः सांगणार नाही.

सोमवारी तो सांजवेळी रिक्षाने परतला. पायरीवर माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "आजी, साहेबानं आधी सोताचंच सांगून टाकलं. म्हने, पाळी माही होती. राख गरम हाय हे माहीत होतं. वरून फोन आला म्हनून मीच दोघाले खाली धाडलं. म्हने, एकाचं नाव मी लपवलं." पुढे तो म्हणाला, "मंग मले काही बोलाले उरलंच नाही. मी नुसतं 'हव' म्हनलं."

म्हणजे तू त्यांना खाली धाडले होतेस. हे तुळशीरामाने मला कधीच सांगितले नव्हते. मी भरवत होते, म्हणून त्याने ते गिळले असावे.

कारखान्याने तुला घरी बसवले आहे, पुढे खटलाही होईल, आणि तू क्वार्टरचे दार लावून बसला आहेस, जेवायलाही उठत नाहीस, असे मंजिरीकडून कळले. मी तुझे सांत्वन करणार नाही. खरे बोललास म्हणून तुझी पाठही थोपटणार नाही. त्या सत्याला फार उशीर झाला आणि त्याच्या आधी दोन माणसे गेली. पण तुझ्या नावाने आज प्रथमच माझा घास हलका झाला, एवढे तुला कळावे.

आता पत्र लिहिण्याचे खरे कारण. प्रशिकची आई भंडाऱ्याहून आली आहे. तुळशीरामाने तिला कळवले होते. ती या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून बसली आहे. माझ्याहून वयाने लहान, दिसायला मोठी. मी तिला विचारले, मुलासाठी दिवा लावू का, नाव घेऊन काही म्हणू का. ती म्हणाली, "नाही बाई. आमच्यात ते नाही. तुमी नुसत्या बसा." इतकी वर्षे प्रत्येक दुःखापुढे म्हणायला माझ्याजवळ काहीतरी होते. मी तिच्याशेजारी जमिनीवर नुसती बसले.

पुष्कळ वेळाने तिने विचारले, "तो साहेब कोन होता, ज्यानं खरं सांगतलं?"

"माझा मुलगा."

"अन् खाली धाडलं ते कोनं?"

तुळशीराम उठून बाहेर गेला. मी म्हटले, "त्यानेच."

तिने माझ्याकडे पाहिले. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "आना त्याले."

कशासाठी, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ती तुला शाप देईल, मारील, की मुलगा शेवटी काय बोलला एवढेच विचारील, मला ठाऊक नाही. मी मध्ये पडणार नाही. चुलीवर भात ठेवला आहे आणि दार उघडे आहे. निघ.

हे पत्र तू वाचशील, मंजिरी वाचील, उद्या कदाचित एखादा अधिकारीही वाचील. जो कोणी वाचील त्याच्या घरी गेलेल्याचे नाव त्याच्या खऱ्या मरणासह घेतले जावो. त्याला विचारणारे निर्भय होवोत, सांगणारे निर्भय होवोत. आणि ज्याला बोलावणे आले आहे त्याच्या पायांत दारापर्यंत पोहोचण्याचे बळ येवो. सर्वांचे कल्याण असो.

तुझी आई,
विजया